हाताला मुंग्या, कोलेस्टेरॉल २६८, आवाज घोगरा... आणि निघाला थायरॉइड

सोऱ्या | ३ मार्च, रात्री ९:४२

थायरॉइडवर इथे धागे आहेत, पण ते सगळे 'गोळी किती वाजता घ्यायची' नाहीतर 'वजन कसं उतरवायचं' इकडे वळतात. मला त्याच्या आधीचं लिहायचंय. कळलं कसं, आणि मुळात सव्वा वर्ष कळलं का नाही.

वय ४६, मुक्काम सांगली. गेल्याच्या गेल्या दिवाळीत चकल्या पाडताना सोऱ्या पिळता पिळता अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेली. म्हणजे अक्षरशः माझी नाहीतच असं वाटावं इतकी बधिर. पुढे रात्री मुंग्यांनी जाग यायला लागली, पलंगाच्या कडेला बसून हात झटकत राहायचं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबतेय, पट्टा बांधा. बांधला.

पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालायची. त्यासाठी दुसरे डॉक्टर. 'जायची वेळ आली की असं होतंच' म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. नवऱ्याच्या कंपनीच्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल २६८ निघालं, तिथे तिसरे डॉक्टर म्हणाले, तेल कमी करा. मी इतकं कमी केलं की आमचे हे ताटाकडे बघून विचारायचे, आज कसला उपास?

प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा तुकडा बरोबर ओळखला होता. नस खरंच दबली होती. कोलेस्टेरॉल खरंच जास्त होतं. तुकडे जोडायचं काम कुणाकडेच नव्हतं, आणि मीही या डॉक्टरांना त्या डॉक्टरांचं सांगितलं नाही. मनगटाच्या डॉक्टरांना पाळीचं कशाला सांगायचं, असंच वाटलं ना!

शेवटी ओळखलं माझ्या धाकट्या बहिणीने, नाशिकहून, फोनवर. मी 'हॅलो' म्हटलं तर म्हणते, "दाजी, ताईला द्या की जरा." एकदा हसण्यावारी नेलं. महिनाभरात तेच दुसऱ्यांदा झालं तेव्हा ती हसली नाही. तिच्या सासूबाईंना थायरॉइड आहे. "तुझा आवाज जड झालाय आणि तू बोलतेसही सावकाश. रक्त तपास," म्हणाली.

रक्त द्यायच्या आधी आमच्या जुन्या फिजिशियनकडे गेले. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. बोलता बोलता माझा हात हातात घेतला (गार, कोरडा, कोपराला भेगा), भुवयांची बाहेरची टोकं पाहिली, मग म्हणाले, "त्या लाकडी खुर्चीवर गुडघे टेका, पाठ माझ्याकडे." पावलं मागे अधांतरी. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल खाली गेलं ते झटक्यात. वर येताना मात्र बँकेचं काचेचं दार आपोआप मिटतं ना, तसं दमादमानं आलं. मला मागचं काय दिसणार? म्हणून त्यांनी ह्यांना पुढे बोलावून दाखवलं, मग ह्यांनाच खुर्चीवर चढवलं. त्यांचं पाऊल टक्‌ करून गेलं आणि टक्‌ करून परत. "रिपोर्ट उद्या येईल. मला आजच कळलं," इति डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी टीएसएच ८६.४. साधारण ०.४ ते ४.५ असायला हवं. फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवते ते हार्मोन) ०.३, म्हणजे फारच कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडवरच उलटलेली प्रतिपिंडं) सहाशेच्या वर. म्हणजे हाशिमोटो, शरीर स्वतःच थायरॉइडवर हल्ला करतं तो आजार. गोळी सुरू होऊन दोन आठवडे झालेत.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं कसं कळलं ते लिहा. वजनाबद्दल नको, त्याचे धागे आहेत.

---

निवांत_नाना | ३ मार्च, रात्री १०:१५

बायकोचं सात वर्षांपूर्वी निघालं. त्याआधीचं वर्षभर 'तू हल्ली आळशी झालीस' हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन त्याचा हिशेब नाही. ती दुपारी भाजी निवडता निवडता बसल्या जागी झोपायची. धागा वाचून तिला दाखवला. "आता तरी कळलं का," म्हणाली आणि उठून गेली.

---

सत्तावीसावा_मजला | ४ मार्च, सकाळी ८:३०

मी पुरुष, ३४. लक्षण काहीच नाही. ऑफरमध्ये ७२ चाचण्यांचं पॅकेज होतं म्हणून केलं तर टीएसएच ५.८, लाल अक्षरात. आई रडतेय, ऑफिसातला मित्र म्हणतो आता जन्मभर गोळी. खरं का?

---

कडू_कारलं | ४ मार्च, सकाळी ९:०५

घ्या, आणखी एक गिऱ्हाईक. आमच्या आजीच्या काळी कुणाला होता हो थायरॉइड? पॅकेजं काढायची, लाल अक्षरं छापायची, गोळ्या खपवायच्या. माणसाला थकवा येतो, केस गळतात, थंडी वाजते. त्याला जगणं म्हणतात.

---

पिंपळपान | ४ मार्च, दुपारी २:५०

मी याच विषयातला डॉक्टर आहे. इथे कुणाला औषध सांगणार नाही, रिपोर्ट कसा वाचतात तेवढं सांगतो.

थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी म्हणजे कामावरचा गडी, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी म्हणजे मुकादम. टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक. गडी नीट काम करत असला की मुकादम हळू बोलतो. गडी दमला की हाक मोठी होते. सोऱ्याताईंचा मुकादम ८६ च्या आवाजात बोंबलत होता आणि गडी तरी उठत नव्हता, म्हणून टी४ ०.३. तिथे शंकेला जागाच नाही.

सत्तावीसावा_मजला, तुमच्या मुकादमाने जरा आवाज चढवलाय, इतकंच. गडी काम करतोय की नाही ते फ्री टी४ सांगेल, आणि तुमच्या पॅकेजमध्ये बहुतेक ते नसेल. टीएसएच थोडं वाढलेलं आणि टी४ नीट, अशी माणसं पुष्कळ असतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं की त्यातल्या बऱ्याच जणांचा आकडा आपसूक खाली आलेला असतो. मधे आजारपण झालेलं असतं, किंवा रक्त पहाटे दिलेलं असतं (टीएसएच रात्री आणि पहाटे चढं असतं, दुपारी उतरतं). तेव्हा पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच सुमारास, सोबत फ्री टी४ आणि एकदा अँटी-टीपीओ. उपाशीपोटी जायची गरज नाही. अँटी-टीपीओ वाढलेलं असेल तर पुढेमागे गडी थकणार हे धरून वर्षाला एकदा बघत राहायचं. टीएसएच दहाच्या वर कायम राहिलं तर आम्ही बहुधा गोळी देतो. त्याखाली मात्र आकडा नाही, माणूस बघतो. सत्तरी-पंचाहत्तरीतल्या आजोबांचं ६ आलं तर बहुतेकदा हातही लावत नाही, त्या वयात ते थोडं वाढतंच. पण दिवस राहिलेल्या किंवा राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या बाईचं तेच ६ आम्ही सोडणार नाही. पहिले तीन महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे टी४ वर असतं.

कारलेबुवा, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ५.८ ला घाईने गोळी सुरू होते आणि मग 'कशाला सुरू केली होती?' याचं उत्तर दहा वर्षांनी कुणाकडे नसतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल: २०१३ साली आठ भारतीय शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि गोवाही होते. प्रौढांमध्ये थायरॉइड मंदावल्याचं प्रमाण सुमारे ११ टक्के निघालं. आणि आपल्याला आजार आहे हे त्यातल्या बऱ्याच जणांना तपासणी होईपर्यंत माहीतच नव्हतं.

अजून एक, कारण हे हल्ली फार बघतोय. केस गळतात म्हणून लोक आधी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, तपासणीला नंतर येतात. पुष्कळ लॅबच्या यंत्रांत चाचणीच बायोटिनच्या आधाराने चालते. मोठा डोस पोटात असेल तर टीएसएच खोटं खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे ज्या आजाराने केस गळले तोच रिपोर्टमध्ये झाकला जायचा. दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबवाल्याला सांगा.

---

सोऱ्या | ४ मार्च, संध्याकाळी ७:२०

डॉक्टर, बायोटिन!! मी पाच महिने घेत होते. रक्त द्यायच्या आधी बाटली संपली होती म्हणून वाचले म्हणायचं.

---

दौतटाक | ४ मार्च, रात्री ११:३८

'आजीच्या काळी कुठे होतं' यावर अवांतर, पण राहवत नाही. १८९१ साली न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने अशाच सुजलेल्या, मंदावलेल्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तोवर या आजाराला इलाज म्हणून नव्हता. बाई तरतरीत झाली आणि पुढे २८ वर्षं जगली, १९१९ मध्ये गेली, वय ७४. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० वर मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या असा हिशेब आहे. सोऱ्याताईंच्या आजाराला ज्यांचं नाव आहे ते हाकारू हाशिमोटो जपानी सर्जन. १९१२ मध्ये त्यांनी चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघून जर्मन भाषेत लेख लिहिला, मग घरचा दवाखाना सांभाळायला गावी परत गेले. आजीच्या काळी आजार होता, कारलेबुवा. फक्त त्याला 'म्हातारी झाली, सुजली, सुस्तावली' असं म्हणायचे.

---

कडू_कारलं | ५ मार्च, सकाळी ७:५०

८७० मेंढ्या! बरं, मान्य. पॅकेजवाल्यांबद्दलचं मागे घेत नाही.

---

मोगऱ्याची_वेल | ५ मार्च, सकाळी ११:१०

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करा, सैंधव सुरू करा. माझ्या जावेने कांचनार गुग्गुळ घेऊन गोळी सोडली.

---

पिंपळपान | ५ मार्च, दुपारी १:३०

शिजवलेला कोबी भाजीएवढा खाल्ला तर काही बिघडत नाही. सोयाबीनने गोळी शोषली जायला अडथळा येतो, त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवा, बंद कशाला? सैंधवात आयोडीन नसल्यासारखंच असतं, त्यामुळे घरात फक्त तेच वापरणं, विशेषतः गरोदर बाई असताना, मला पटत नाही. उलट हाशिमोटो असताना आयोडीनचे थेंब वगैरे आणून घेणंही चुकीचं, त्याने बिघडू शकतं. साधं पुडीतलं आयोडीनयुक्त मीठ पुरे. जावेला म्हणावं, गोळी सोडलीस ती सोडलीस, सहा आठवड्यांनी टीएसएच कर आणि आकडा स्वतः बघ.

---

हायडेलबर्गची_सून | ५ मार्च, रात्री १२:०५ (इथे संध्याकाळ)

थोडा वेगळा अनुभव. धाकटीचा जन्म इथे जर्मनीत. तिसऱ्या दिवशी टाचेला टोचून कागदावर रक्ताचे ठिपके घेतले. इथे ते सगळ्याच बाळांचं करतात. घरी आलो आणि आठवड्याच्या आत फोन: टीएसएच फार जास्त आहे, उद्याच या. मला पटेचना, कारण बाळ इतकं शहाणं! रडणं नाही, त्रास नाही, दूध पिता पिता झोपतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर दृष्ट काढत होत्या, "गुणाचं गं बाई." गुण कसला, ती सुस्ती होती. कावीळ उतरायला वेळ लागला होता, शी दोन-दोन दिवस नाही, बेंबी वर आलेली, रडलीच तर आवाज बसका. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि प्रत्येकाला वेगळं गोड कारण होतं. नवव्या दिवशी गोळी सुरू झाली, चमच्यात आईच्या दुधात चुरून. आज सहा वर्षांची आहे, दोन भाषांत भांडते.

भारतात ही चाचणी सगळीकडे आपोआप होत नाही. पुण्यात बहिणीच्या बाळंतपणात मी हट्टाने मागून घेतली.

---

पिंपळपान | ६ मार्च, सकाळी ८:१५

हा प्रतिसाद कुणीतरी वर चिकटवून ठेवा. बाळात लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नसतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बुद्धीची वाढ नीट होते. उशीर झाला तर जे गेलं ते गोळीने परत येत नाही.

---

ठेचा_वऱ्हाडी | ६ मार्च, रात्री ९:५५

नागपूरहून. आईबद्दल विचारायचं होतं. वय ६१. या धाग्यातलं जवळपास सगळं आहे तिच्यात. बारा महिने तेरा काळ अंगात स्वेटर, नागपूरच्या मे महिन्यात सुद्धा. बोलणं सावकाश, चेहरा पांढुरका, पावडर लावल्यासारखा. गेल्या वर्षी उलट्या झाल्या, भ्रमिष्टासारखं बोलायला लागली म्हणून भरती केलं तर रक्तातलं सोडियम ११८, फारच कमी. सलाइन देऊन घरी पाठवलं. थायरॉइड तीनदा तपासलंय. टीएसएच ३.१, २.८, ३.४. एकदम नॉर्मल. म्हणून सगळे म्हणतात मनाचं आहे. एका ठिकाणी डिप्रेशनच्या गोळ्याही झाल्या. आता काय करू?

---

पिंपळपान | ६ मार्च, रात्री १०:२०

दोन प्रश्न, उत्तर लगेच द्या. तीन वेळांपैकी कधी फ्री टी४ केलंय का? आणि दुसरा जरा खाजगी वाटेल, पण विचारतो. तुमच्या किंवा तुमच्या शेवटच्या भावंडाच्या जन्माच्या वेळी आईला खूप रक्तस्राव झाला होता का? त्यानंतर दूध आलं होतं का, आणि पाळी परत सुरू झाली का?

---

ठेचा_वऱ्हाडी | ६ मार्च, रात्री ११:४०

आताच मावशीला फोन करून उठवलं. अंगावर काटा आला डॉक्टर.

मी १९८८ चा, शेवटचा. बाळंतपण तालुक्याला झालं, रक्त इतकं गेलं की चार बाटल्या चढवल्या, वाचेल असं वाटत नव्हतं. दूध आलंच नाही. आमच्या घरात हा कायमचा विनोद आहे, 'हा डब्याच्या दुधावर वाढला म्हणून असा.' दरवर्षी माझ्या वाढदिवसाला काका म्हणतोच. पाळीबद्दल मावशी म्हणाली, त्यानंतर कधी आलीच नाही. वय तेव्हा २४. तेव्हाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरंच झालं, दोन मुलं आहेत.

फ्री टी४ एकदाही नाही केलं.

---

पिंपळपान | ७ मार्च, सकाळी ६:३०

इंटरनेटवरून निदान करत नाही, पण यात वेळ घालवू नका. बाळंतपणात रक्त फार गेलं की पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती वाळू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडे अजूनही दिसतो, आणि निदानाला दहा-वीस वर्षं सहज लागतात. वर मी मुकादमाची गोष्ट सांगितली होती. इथे गडी धडधाकट आहे, मुकादमाचाच घसा बसलाय. मग टीएसएच वाढणार कसं? ते 'नॉर्मल' दिसत राहतं आणि प्रत्येक जण नुसतं तेवढंच बघून कागद परत देतो. फ्री टी४ केल्याशिवाय हे पकडता येत नाही.

आता नीट वाचा. फ्री टी४ कमी आलं तरी कुणीही आधी थायरॉइडची गोळी सुरू करता कामा नये. तोच मुकादम मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनाही चालवतो. सोडियम ११८ ला गेलं होतं म्हणजे तिथलं कॉर्टिसॉल हे हार्मोनही कमी असण्याची दाट शक्यता आहे. ते भरून काढायच्या आधी थायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी४ एकदमच करा आणि हार्मोन्सच्या तज्ज्ञाला दाखवा. बाळंतपणाची हकीकत कागदावर लिहून न्या, तोंडी सांगाल तर राहून जाईल. मधेच पुन्हा उलट्या, गुंगी, चक्कर झाली तर ओपीडीची वाट बघू नका, थेट दवाखान्यात न्या.

---

निवांत_नाना | ७ मार्च, सकाळी ७:४०

ठेचा, काकाला वाढदिवसाचा तो विनोद आता बंद करायला सांग.

---

ठेचा_वऱ्हाडी | ११ मार्च, रात्री ८:३०

रिपोर्ट: फ्री टी४ ०.४. टीएसएच ३.०, पुन्हा 'नॉर्मल'. सकाळचं कॉर्टिसॉल १.९, खाली छापलेलं होतं की निदान पाच-सहा तरी पाहिजे. एमआरआयमध्ये पिट्युटरीची जागा जवळजवळ रिकामी. तज्ज्ञ मॅडमनी मी नेलेला कागद दोनदा वाचला आणि आईला विचारलं, "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही?" आई म्हणाली, "बाळंतपणाचं कोण विचारते बाई आता?"

कॉर्टिसॉल भरून काढायला स्टेरॉइडची गोळी आजपासून. थायरॉइडची त्यानंतर, आठवड्याने. डिप्रेशनच्या गोळ्यांचं त्या डॉक्टरांशी बोलून ठरवणार. डॉक्टर, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा.

---

सत्तावीसावा_मजला | १० मे, सकाळी ९:१५

माझा अपडेट. दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये: टीएसएच ३.९, फ्री टी४ नीट, अँटी-टीपीओ नाही. गोळी नाही. आईने सत्यनारायण घातला.

---

सोऱ्या | १२ मे, रात्री ९:००

आठव्या आठवड्याला टीएसएच ११.२, डोस ७५ वरून १०० केलाय. रक्तातल्या थायरॉक्सिनचा निम्मा भाग संपायलाच आठवडा लागतो म्हणे, म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त देण्यात अर्थ नाही. मी पहिल्या महिन्यात उगाच दोनदा देऊन आले, सहाशे रुपये पाण्यात. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेत होते, त्यात आता चार तासांचं अंतर ठेवलंय. मनगटाचा पट्टा ड्रॉवरमध्ये गेला. कोलेस्टेरॉल औषधाशिवाय २११, आणि भाजीला फोडणी पूर्ववत.

ठेचा, आईचं काय?

---

ठेचा_वऱ्हाडी | २१ मे, रात्री १०:१०

उशीर झाला, माफी. सोडियम १३८. बोलणं मोकळं झालंय, मावशीशी फोनवर तासतासभर. आज इथे ४५ च्या पुढे पारा आहे. दुपारी तिनं स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "कूलर लाव ना रे, काय मारतं का मला?" जन्मात तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं हे.